श्रीपादचा गुरुवार

संत तुकाराम नगर, पिंपरी
११ फेब्रुवारी १९७३

प्रिय श्रीपाद,

सप्रेम जय भीम.

अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हाताचा अंगठा आणि कडेची दोन बोटं राहिलीत, त्यांच्यात पेन धरायला शिकतोय. जखम भरली. विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, हात कामाला येईल, फक्त प्रेसवर उभं राहू नकोस. कंपनीनं त्यांचं म्हणणं फारच मनावर घेतलं. मला कोणत्याच मशीनवर घ्यायचं नाही असं ठरलेलं दिसतंय.

चार्जशीट आलं आहे. त्यात लिहिलंय की जास्त नग काढून इन्सेंटिव्ह मिळवावा म्हणून हात आत जाऊ न देणारा प्रेसपुढचा गार्ड मी स्वतःच्या मर्जीनं काढला आणि अपघात ओढवून घेतला. शाबीत झालं तर नोकरी जाईल, भरपाईही अडेल.

काय झालं ते तुला माहीत आहे. सेकंड शिफ्टला मॅनेजर यशवंतराव साहेब स्वतः शॉपमध्ये आले. तू सुपरवायझर, तुला बाजूला घेऊन बोलले आणि तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, "विलास, आजच्या दिवस गार्ड काढून चालव. सकाळच्या ट्रकला माल द्यायचाय." तुला ते आवडलं नव्हतं, तुझ्या तोंडावर दिसत होतं. मी तुला दोष देत नाही, आजवर दिला नाही. पण प्रेसच्या आवाजात ते बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. साहेब आता म्हणतात, मी असं काही सांगितलंच नाही. राहिलास तू.

चौकशी १५ मार्चला, गुरुवारी, अकरा वाजता ऑफिसात आहे. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी असते, म्हणून तो दिवस धरला. चौकशी करायला पुण्याचे एक वकील नेमलेत. मी त्यांना सांगितलं, माझा साक्षीदार ट्रेनिंगला अमेरिकेत आहे. ते म्हणाले, "त्या दिवशी चौकशी संपायच्या आत त्याची तार येऊ द्या की मी येऊन साक्ष देणार आहे. मी तारीख पुढे ढकलीन. तार नसेल तर मी थांबणार नाही."

तू मार्चमध्ये येणार म्हणाला होतास. नक्की कधी ते कळव.

वहिनी आणि छोटी बरी आहेत. छोटी दिवसभर आमच्याकडेच असते. आई विचारते, तिकडं तुला भाकरी कोण देतं.

तुझा,
विलास


सिनसिनाटी, अमेरिका
२० फेब्रुवारी १९७३

प्रिय विलास,

तुझं पत्र काल मिळालं. अक्षर बघून गलबलून आलं. रात्री जेवण गेलं नाही.

आधी मुद्द्याचं. काळजी सोडून दे. माझं ट्रेनिंग नऊ मार्चला संपतं. लंडनमार्गे तिकीट आहे, बारा तारखेला मुंबईत उतरतो. गुरुवारी अकरा वाजता मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर असेन. यशवंतराव साहेब काय म्हणाले, मी तुला काय सांगितलं, शब्दाला शब्द सांगेन. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. मी तुला गार्ड काढायला सांगितलं नसतं तर तुझी बोटं हाताला असती, हे मी विसरलेलो नाही.

इथे गुडघाभर बर्फ आहे. सकाळी बसस्टॉपवर उभं राहिलं की कान आपले आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं. कारखाना मात्र बघण्यासारखा. प्रेसपुढचा गार्ड बाजूला केला तर मशीन चालूच होत नाही, अशी जोडणी केलेली असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. शिकवणाऱ्याला वाटलं, मला कळलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा करून दाखवलं.

केसरमावशीला सांग, इथे भाकरी नाही, ब्रेड आहे, आणि तो खाताना तिची आठवण येते. भोसरीला भाड्याच्या खोलीत मी तापानं फणफणलो होतो, ओळख ना पाळख, आणि समोरच्या दारातून ती पिठलं-भाकरी घेऊन आली. दहा वर्षं झाली. ते मी विसरणार आहे का?

मृदुलाला वेगळं पत्र टाकलं आहे.

तुझा,
श्रीपाद


संत तुकाराम नगर, पिंपरी
२ मार्च १९७३

प्रिय श्रीपाद,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पिठल्याचं ऐकून ती हसली. म्हणाली, "ताप उतरल्यावर तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं, ते न्हाई लिवलं व्हय?" अपघातानंतर ती पहिल्यांदाच हसली बघ.

युनियनचे सोपानराव म्हणत होते, श्रीपादकडून आत्ताच लेखी घेऊन ठेव, माणसाचं काही सांगता येत नाही. मी म्हणालो, तो बारा तारखेला येतोय, कागद कशाला? ते म्हणाले, तो मॅनेजमेंटचा माणूस आहे. मी म्हणालो, तो माझ्या घरचा माणूस आहे.

इकडे दुष्काळाचं फार वाईट आहे. नळाला दिवसाआड पाणी येतं. रेशनवर तुमच्या अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळते. तिची भाकरी थापताना आई तिला आणि अमेरिकेला दोघांनाही बोलते.

वहिनींची काळजी करू नकोस. परवा यशवंतराव साहेब स्वतः गाडी घेऊन त्यांची विचारपूस करायला आले होते, आठवड्यात दुसऱ्यांदा. बराच वेळ बसले. मला जिन्यात भेटले तेव्हा हाताकडे बघून म्हणाले, "बरं आहे ना?" मला वाटतं त्यांनाही आतून लागलं असावं. तू आलास आणि समोर बसून बोललास तर कदाचित ते स्वतःच कबूल करतील.

बारा तारखेला स्टेशनवर येतो. लोकलनं पिंपरीला उतर, नाहीतर मागच्यासारखा कासारवाडीला उतरून बॅगा घेऊन चालत येशील.

तुझा,
विलास


सिनसिनाटी
६ मार्च १९७३

प्रिय विलास,

घाईत लिहितो आहे. कंपनीची तार आली. परतताना जपानमध्ये ओसाकाचा एक प्रेसचा कारखाना बघून यायचं आहे. नवीन मशिनं तिथूनच घ्यायचा विचार आहे. त्यामुळे लंडनचं तिकीट रद्द झालं. आता मी पश्चिमेकडून, म्हणजे होनोलुलूमार्गे टोकियोला जाईन. बारा तारखेला पोचत नाही.

पण घाबरू नकोस. गुरुवारी सकाळी मी टोकियोत आहे. तिथे दिवस आपल्या आधी उजाडतो. मी उतरल्या उतरल्या तार केली तर तिथली ती सकाळ म्हणजे तुझी पहाट. अकरा वाजायच्या आत ती वकिलांच्या हातात पडेल. तारेत काय लिहायचं तेही ठरवून ठेवलं आहे. ते तारीख पुढे ढकलतील, मी परत आलो की साक्ष देईन. आठ-पंधरा दिवसांचाच फरक.

मावशीला नमस्कार.

तुझा,
श्रीपाद


ओसाका, जपान
१७ मार्च १९७३

प्रिय विलास,

हे पत्र कसं लिहावं कळत नाही. तुझ्या हातात ते पडेल तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल आणि माझी तार आली नाही हे तुला माहीत असेल.

काय झालं ते सांगतो. मी बुधवारी रात्री उशिरा होनोलुलूहून विमानात बसलो. आठ-नऊ तासांचा प्रवास. झोपलो. टोकियोला उतरलो, काउंटरवर तारेचा कागद मागितला आणि तारीख लिहिली, पंधरा. काउंटरवरच्या मुलीनं ती खोडून सोळा केली. मी म्हणालो, आज गुरुवार ना? ती म्हणाली, शुक्रवार.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध एक रेषा मानलेली आहे. आंतरराष्ट्रीय वाररेषा. पाण्यावर काही दिसत नाही. पण अमेरिकेकडून जपानकडे जाताना ती ओलांडली की एक दिवस पुढे जावं लागतं. बुधवारची रात्र संपून गुरुवार सुरू झाला न झाला तोच विमानानं ती रेषा ओलांडली आणि शुक्रवार झाला. उलट दिशेनं गेलं तर एकच दिवस दोनदा मिळतो. मी शाळेत शिकलो होतो हे, पण पुस्तकातली गोष्ट आपल्यावर येईल असं कुणाच्या डोक्यात असतं? विलास, गुरुवार माझ्या आयुष्यात आलाच नाही. मी दुसरं काय सांगू?

कागद हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आता तार करून उपयोग नव्हता.

तिथे काय झालं ते लगेच कळव. पत्ता खाली देतो आहे, महिनाअखेरपर्यंत इथेच आहे.

तुझा अभागी,
श्रीपाद


संत तुकाराम नगर, पिंपरी
२४ मार्च १९७३

प्रिय श्रीपाद,

काय झालं ते क्रमानं लिहितो.

गुरुवारी सकाळपासून सोपानराव आणि मी ऑफिसच्या बाकावर बसलो होतो. आदल्या दिवशीच तुझं सहा तारखेचं पत्र आलं होतं, ते खिशात होतं. अकरा वाजले. वकील म्हणाले, तार? मी म्हणालो, येतेय साहेब, टोकियोहून यायचीय. ते चांगले वागले. जेवणानंतर बघू म्हणाले. जेवणानंतर चहापर्यंत थांबले. दारात सायकल वाजली की मी उठून उभा राहायचो. शेवटी ते म्हणाले, "कांबळे, मी तुमच्यासाठी दिवसभर थांबलो. आता तुम्हीच सांगा." यशवंतराव साहेबांनी जबाब दिला, दहा मिनिटांत संपला. सोमवारी बडतर्फीचं पत्र आलं.

तुझं पत्र येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. आज ते आलं आणि छातीवरचा दगड उतरला. तू विसरला नव्हतास.

सोपानराव हसले. म्हणाले, "दिवस गायब झाला म्हणे. माझा पगाराचा दिवस कसा कधी गायब होत नाही?" सगळ्या चाळीत हीच चेष्टा चालली आहे. मी मधुसूदन मास्तरांना बोलावून आणलं. ते भूगोल शिकवतात. त्यांनी छोटीचा रबरी चेंडू घेतला, त्यावर खडूनं रेघ मारली आणि तो कंदिलापुढे फिरवून सगळ्यांना दाखवलं की असं होतं, खरंच होतं. मग मीच चेंडू हातात घेतला आणि ज्यांना कळलं नाही त्यांना परत समजावलं. सोपानरावांना म्हणालो, बघा, माणूस खोटं बोलेल, पृथ्वी कशाला बोलेल? आई मात्र चेंडूकडे बघून म्हणाली, "त्याचा बेस्तरवार न्हाई आला, पर आपला तर आला की रं." तिला कळलं नाही असं म्हणून मी सोडून दिलं.

एकच शंका आहे, राग मानू नकोस. मास्तर म्हणाले, इथे गुरुवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली तेव्हा होनोलुलूत बुधवारची संध्याकाळ होती. तू तिथे जमिनीवरच होतास. तिथून तार केली असतीस तरी चाललं असतं. तुझ्या ध्यानात आलं नसेल. प्रवासात माणूस गोंधळतो.

अजून वेळ गेलेली नाही. युनियन लेबर कोर्टात जाणार आहे. तुझा लेखी जबाब हवा. एक पान पुरे. परत आलास की आधी घरी ये, मग बाकीचं.

तुझा,
विलास


मुंबई
२० एप्रिल १९७३

प्रिय विलास,

पत्राला उशीर झाला. परत आलो तो थेट मुंबईत. हेड ऑफिसात नेमणूक झाली आहे, जपानी मशिनांच्या खरेदीचं काम. राहायला कंपनीनं जागाही दिली. सगळं इतकं अचानक ठरलं की पिंपरीला यायला सवड झाली नाही. रविवारी मृदुला आणि छोटी सामान घेऊन येतील. टेम्पो सांगितला आहे.

तुझ्या नोकरीचं वाचून वाईट वाटलं. होनोलुलूचं म्हणशील तर तिथे मी फक्त विमान बदलायला होतो. तारघर कुठे, काय, काही माहिती नव्हती. आणि माझ्या डोक्यात टोकियोच बसलं होतं. तू म्हणतोस तसा गोंधळच झाला.

लेखी जबाबाचं मात्र जरा सबुरीनं घेऊया. मी अजून कंपनीच्या नोकरीत आहे. कोर्टाच्या बाहेर काही लिहून दिलं तर ते उद्या तुझ्याच विरुद्ध वापरतील, असं इथल्या एका जाणकारानं सांगितलं. कोर्टानं बोलावलं तर मी येईनच, त्यात काय प्रश्न आहे?

मधल्या काळात काही लागलं तर हक्कानं सांग.

तुझा,
श्रीपाद


मुंबई
१४ मे १९७३

विलासभाऊ,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. एका जिन्यात राहणाऱ्यांना पत्रांची गरज पडत नाही. यांना सांगून लिहीत नाही, हे आधीच सांगते.

त्या रविवारी तुम्ही सामान उतरवायला आलात. नको म्हणत असताना मोठी ट्रंक तुम्ही त्या हातानं धरलीत आणि टेम्पोत चढवलीत. केसरमावशींनी छोटीसाठी लाडू बांधून दिले. मी गाडीत बसले. छोटी विचारत राहिली, आई, तू का रडतेस? तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

तुम्ही चाळीत सगळ्यांना चेंडू दाखवून समजावत होतात, तेव्हा मी माझ्या दारात उभी होते. मला सगळं कळत होतं. तुमच्या मास्तरांपेक्षा जास्त.

फेब्रुवारीच्या शेवटी यशवंतराव साहेब आमच्याकडे दोनदा आले ते विचारपूस करायला नव्हे. पहिल्यांदा म्हणाले, "श्रीपादनं साक्ष दिली तर गार्ड काढायचा हुकूम त्याच्याच तोंडून गेला होता हेही बाहेर येईल. फॅक्टरी इन्स्पेक्टर मला धरील आणि त्यालाही धरील. तुम्ही दोघांनी विचार करा." मी म्हणाले, ते विलासभाऊंना शब्द देऊन बसलेत, ते खोटं बोलणार नाहीत. दुसऱ्यांदा आले तेव्हा ते हसत होते. म्हणाले, "वहिनी, खोटं बोलायचं कुणी सांगितलं? त्याला जपानवरून येऊ दे. बुधवारी रात्री होनोलुलू सोडलं की गुरुवार त्याला लागतच नाही. त्यानं कुणाला फसवलं असं होणारच नाही." भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून त्यांनी मला तो दिवस दाखवला. मग मुंबईच्या नेमणुकीचं बोलले.

हे सगळं मी यांना लिहिलं नाही. लिहिलं असतं तर म्हणता आलं असतं की बायकोच्या सांगण्यावरून झालं. साहेबांनीच त्यांना सविस्तर कळवलं होतं. मला यांचं पत्र आलं त्यात होतं, "मार्ग निघाला. विलासला वाईट वाटणार नाही अशा रीतीनं होईल." मी वाचलं आणि गप्प बसले. मार्चच्या चौदा तारखेला तुम्ही टोकियोच्या तारेचं माझ्या दारात उभं राहून सांगितलंत, तेव्हाही गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर तुम्हाला दुसरं काही करायला एक दिवस मिळाला असता.

इथे आल्यावर एकदा विचारलं यांना. म्हटलं, तुम्ही त्यांना टोकियोहून तार करतो असं कशाला लिहिलंत? सरळ येत नाही म्हणायचं. ते म्हणाले, "सरळ सांगितलं असतं तर त्यानं मला माणसातून उठवलं असतं. आता निदान तो मला चांगला समजतो." मी म्हटलं, आणि तुम्ही स्वतःला? ते उठून गॅलरीत गेले.

हे पत्र तुम्ही कोर्टात दाखवलंत तरी माझी ना नाही. पुढे काय होईल ते मी बघीन.

मृदुला


संत तुकाराम नगर, पिंपरी
२५ मे १९७३

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. दोन दिवस मी ते कुणाला दाखवलं नाही. मग आईला वाचून दाखवलं. तिनं ते घडी घालून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "गार्डापायी बोटं गेली ते नशीब म्हनलं मी. ह्याला काय म्हनू?"

मला राग कशाचा आला ते सांगतो. साक्ष दिली नाही याचा नाही. बायकापोरं सगळ्यांना असतात, माणूस भितो. तो मला लिहिता, विलास, माझी हिंमत होत नाही, तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसरा रस्ता धरला असता. त्यानं मला चेंडू हातात धरायला लावला. ज्या माणसांबरोबर मी बारा वर्षं शिफ्ट केली त्यांच्यापुढे त्यानं मला त्याचा वकील केलं. आता मी खाली नळावर गेलो की सोपानराव बघतात आणि काही बोलत नाहीत. चेष्टा करत होते तेच बरं होतं.

कोर्टात पत्र दाखवायचं की नाही ते ठरलेलं नाही. सोपानरावांना सांगितलं तर ते लगेच दाखवा म्हणतील, म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

विलास


मुंबई
३ मे १९७४

प्रिय विलास,

वर्षभर तुझं पत्र नाही. रागावला असशील. लेबर कोर्टाचं समन्स काल मिळालं.

मी येतो आहे. मुंबई ते पुणे काही महासागर नाही. जे खरं आहे ते सांगेन. तुझ्या डोळ्याला डोळा देऊन उभं राहायचं आहे मला. मनावर ओझं घेऊन जगणं फार झालं.

मावशीची तब्येत कशी आहे?

तुझा,
श्रीपाद


भोसरी
९ जून १९७४

वहिनी,

कोर्टात काय झालं ते श्रीपादनं तुम्हाला कसं सांगितलं असेल माहीत नाही. म्हणून लिहितो.

तुमचं पत्र मी त्या दिवशी बरोबर नेलं होतं. आमच्या वकिलांना शेवटी सांगितलं होतं की असं एक पत्र आहे. ते म्हणाले, मला द्या, पाच मिनिटांत केस फिरवतो. मी म्हणालो, आधी त्याची साक्ष होऊ द्या. त्यानं मे महिन्यात पत्र लिहिलं होतं, खरं सांगेन म्हणून. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कळल्यावरही? होय. तो कोर्टाच्या आवारात शिरला, केस पिकायला लागलेले, आणि मला बघून थांबला, तेव्हा मला वाटलं हा सांगणार.

वकिलांनी विचारलं, "त्या रात्री यशवंतरावांनी तुम्हाला गार्ड काढायला सांगितलं का?"

श्रीपाद म्हणाला, "ते शॉपमध्ये आले होते. उत्पादनाबद्दल बोलले."

"गार्डबद्दल?"

"नक्की आठवत नाही."

"तुम्ही विलास कांबळेंना गार्ड काढायला सांगितलंत का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्याला डोळा दिला, ते मात्र त्यानं पाळलं. मग म्हणाला, "आठवत नाही. शॉपमध्ये फार आवाज असतो."

वकिलांनी माझ्यापुढे हात केला. पत्र खिशात होतं, हात खिशावर गेलाही होता. ते वाचलं गेलं असतं तर पुढच्या तारखेला तुम्हाला त्याच पिंजऱ्यात उभं केलं असतं आणि कंपनीच्या वकिलानं तुम्हाला विचारलं असतं की नवऱ्याशी तुमचं पटत नाही का, कांबळेंशी तुमचे संबंध कसे. निघताना आई म्हणाली होती, "खरं बोलली ती एकटीच. तिला नगं उभी करू तिथं." मी वकिलांना नाही म्हणून मान हलवली. वकील माझ्यावर चिडले ते अजून चिडलेलेच आहेत. सोपानरावांना अजून सांगितलेलं नाही.

मी फार मोठं मन केलं असं समजू नका. घरी येऊन दोन रात्री मला त्याचा पश्चात्ताप झाला, अजूनही एखादे वेळी होतो. परवा निकाल लागला, तो विरुद्ध गेला.

साक्षीनंतर बाहेर चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "विलास, समजून घे. मी बांधला गेलोय."

मी म्हणालो, "गेल्या वर्षी मी तुझ्यासाठी साक्ष दिली होती, श्रीपाद. सगळ्या चाळीपुढे. कुणी समन्स काढलं नव्हतं."

तो म्हणाला, "त्या दिवसाचं मी खोटं सांगितलं नव्हतं. वाररेषा खरीच आहे."

मी म्हणालो, "रेषा खरी आहे. तू कधी ओलांडायची ते तू ठरवलंस."

त्याला तेव्हा कळलं की मला माहीत आहे. कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं नाही. मास्तरांकडून कळलं असेल असं त्याला वाटू द्या. तो हात काढून घ्यायचा विसरला होता, मीच तो खाली केला. चहा तसाच राहिला.

चाळीतली खोली सोडली. आता भोसरीला माळ्यावर राहतो. एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचं काम मिळालं आहे, हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. बरं चाललंय. आईला जिना चढवत नाही, बाकी ठीक.

तुमचं पत्र सोबत परत पाठवतो आहे. ठेवून कुणाच्या हाती लागायला नको. तुम्ही लिहिलंत, ते मी विसरणार नाही. तुम्ही उशिरा लिहिलंत, तेही विसरता येत नाही. छोटीला आशीर्वाद. ती माझ्या आईला विसरली असेल तर आठवण करून देऊ नका, लहान आहे.

पत्राच्या शेवटी घरच्यांना नमस्कार लिहायची रीत आहे, म्हणून श्रीपादला काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. काही सांगू नका.

विलास